करमाडची पाहणी

दान कसं करायचं हे शिकवणारा वर्ग आता आपल्या शहरात निघालाय. जालना रोडला, काचेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. एक वर्षाची पदविका, फी पंच्याऐंशी हजार. स्वतःकडं द्यायला दमडी नसलेली पोरं पंच्याऐंशी हजार भरतात आणि दुसऱ्याचे पैसे तिसऱ्याला कसे द्यायचे ते शिकतात. खरं तर कसे द्यायचे नाहीत ते शिकतात. द्यायला काय लागतं? हात पुढं केला की झालं. नाही म्हणायला मात्र शिक्षण लागतं.

पैसे व्यंकटरावांचे. त्यांचा औषधांचा कारखाना होता, तो विकला आणि म्हातारपणी ट्रस्ट काढला. दरवर्षी ते वर्गाला तीन लाख रुपये देतात. वर्गानं तीन अर्जदार निवडायचे, त्यांच्या दारात जाऊन पाहणी करायची, मार्क द्यायचे आणि एकालाच सगळी रक्कम द्यायची. बाकीच्या दोघांना नाही म्हणायचं. ही परीक्षा. गणिताला वही असते, डॉक्टरकीला मुडदा असतो, तशी या अभ्यासक्रमाला जिवंत माणसं.

शिकवायला स्वरदा मॅडम. दोन वर्षं परदेशात जाऊन हेच शिकून आलेल्या. आवाज कधी चढत नाही, साडीची घडी मोडत नाही. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, "तुमच्या पोटात कालवलं तर समजा तुम्ही चुकताय. आपण भीक घालत नाही. आपण गुंतवणूक करतो." पोरांनी ते लिहून घेतलं.

सत्यमनंही लिहून घेतलं. सत्यम पडेगावच्या पुढचा, दौलताबाद रोडचा. बाप नानासाहेब, खात्यापित्या घरचा शेतकरी. रस्त्यात जमीन गेली तेव्हा पैसा आला, स्लॅबचं घर झालं, दारात पांढरी गाडी आली. पोरगा इंजिनिअर झाला आणि दोन वर्षं घरी बसला. मग कुणीतरी सांगितलं की कंपन्यांना आता दान वाटायला माणसं लागतात आणि पगार बरा असतो. म्हणून तो इथं. वर्षाअखेरी पहिल्या येणाऱ्याला ट्रस्टमध्येच नोकरी होती, महिना पस्तीस हजारांची. सत्यमला ती पाहिजे होती. बापानं रोज संध्याकाळी ओट्यावर बसून विचारू नये, "मग साहेब, आज कुणाला दान केलं?" एवढ्यासाठी तरी.

दिवाळीआधी सरावासाठी सगळ्यांना जुने अर्ज वाचायला दिले होते. सत्यमनं एका पोराला शंभरपैकी ब्याण्णव दिले. पोरगा त्याच्याच बाजूचा, त्याच्याच जातीचा निघाला. मॅडमनी कागद वर धरून सगळ्यांसमोर विचारलं, "सत्यम, तू अर्ज वाचलास की आडनाव वाचलंस?" वर्ग खदखदून हसला. सगळ्यात मोठ्यानं शंतनू हसला. हा शंतनू सीएचा पोरगा, समर्थनगरचा, मनानं तसा वाईट नाही. पण ते हसणं सत्यमच्या कानात जाऊन बसलं ते बसलंच.

जानेवारीत करमाडहून अर्ज आला. रेघांच्या वहीचे तीन कागद, निळ्या पेनानं लिहिलेले. लिहिणारी प्रेरणा, वय अठ्ठावीस. तिची पोरगी सोनिया, वय आठ, जन्मापासून बहिरी. तीन वर्षांची असताना सरकारी योजनेतून तिच्या डोक्यात मशीन बसवलं. एक भाग आत, कातडीखाली. दुसरा बाहेर, कानामागं. दोन्ही चालू असले की ऐकू येतं. नंतर चार वर्षं प्रेरणानं पोरीला काखोटीला मारून आठवड्यातून दोनदा करमाडहून शहरात आणलं, बोलायला शिकवायच्या वर्गाला. पोरगी बोलायला लागली. आधी 'आई', मग 'आज्जी', मग 'नको', मग तर भांडायलाच लागली. आणि ऑक्टोबरात बाहेरचं मशीन बंद पडलं. दुरुस्त होत नाही, ते मॉडेलच आता निघत नाही. नवं दोन लाख पंच्याहत्तर हजाराला. योजनेतून पहिलं मिळतं, दुसरं मिळत नाही. शेवटी लिहिलं होतं: "तिला आलेले शब्द आता मागे चालले आहेत. रोज एखादा जातो. लवकर झाले तर बरे होईल."

एवढीच मागणी. एका पोरीला परत ऐकू यावं.

अर्ज निवडला गेला. बाकी दोनमध्ये एक फिरत्या ग्रंथालयाचा होता आणि एक सरोजिनीबाईंच्या 'हसरी पहाट' संस्थेचा. ही संस्था शाळाशाळांत जाऊन मुलांना डोळे मिटून शांत बसायला शिकवते. अर्जासोबत त्यांनी ड्रोननं काढलेली चित्रफीत पाठवली होती. वरून मैदान, मैदानात चारशे पोरं, डोळे मिटलेली.

करमाडच्या घराला फोन करायचं काम सत्यमकडं आलं. नियम असा की कशाकशाला मार्क आहेत ते सांगायचं नाही.

"रविवारी अकराला आम्ही चौघं येतोय. पाहणीला."

"या ना, या," प्रेरणा म्हणाली. मग तिनं जरा थांबून विचारलं, "जेवायलाच थांबताल ना?"

"नाही नाही. तुम्ही काही करू नका."

हे बोलल्याबरोबर सत्यमला कळलं आपण काय करून बसलो. आपल्याकडं पाहुणा 'काही करू नका' म्हणतो म्हणजे चूल पेटवा असाच त्याचा अर्थ घेतात. त्याच्या आईनंही तोच घेतला असता. पुन्हा फोन करून नीट सांगावं असं त्याला वाटलं. पण नियमात बसतं का नाही, मॅडमना कळलं तर काय, असा विचार करत त्यानं फोन खिशात टाकला.

तिकडं करमाडात सोनियाची आजी मनकर्णाबाई कमरेला पदर खोचून उभी राहिली. पत्र्याच्या दोन खोल्या. लेक कडुबा, प्रेरणाचा नवरा, शेंद्र्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं लागलेला. नावावर दोन एकर रान, पण ते चार भावांत सामायिक आणि बारा वर्षं कोर्टात. त्यात ज्याची इच्छा तो गुरं सोडतो.

"शहरातून मोठाली माणसं येऊ राह्यलीत," म्हातारी म्हणाली, "मह्या दारातून उपाशी जातील व्हय?"

"आत्याबाई, ते गरिबी बघायला येऊ राह्यलेत," प्रेरणा म्हणाली.

"गरिबी काय बघायची? ती काय कुठं पळून चालली? आधी माणूस बघतंय कुणीबी. उद्या म्हणतील, ह्यांच्या घरी साधी खुर्ची नाय, पैसे दिले तं खाऊन टाकतील."

बाईनं पन्नास वर्षांत एवढं पाहिलं होतं. ज्याच्या घरी बसायला जागा नाही त्याला बँक उभं करत नाही, सोयरा पोरगी देत नाही, दुकानदार उधारी देत नाही. देणारा माणूस देण्यालायक घर बघून देतो, हे तिला पाठ होतं. चुकलं काय तिचं? तिनं फक्त जालना रोडचा वर्ग केलेला नव्हता.

दोन कोंबड्या विकल्या. हरभऱ्याची डाळ, गूळ, तूप आलं. शेजारच्या पुंजारामचा कूलर दोन माणसांनी उचलून आणला. प्लास्टिकच्या सहा खुर्च्या भजनी मंडळाच्या. सतरंजी शाळेच्या शिपायाची. स्टीलची ताटं चार घरांतून गोळा केली. कडुबानं रविवारचा ओव्हरटाइम बुडवला आणि बाजारातून दोन टॉवेल, दोन टोप्या, दोन खण, दोन नारळ आणले.

मार्चातल्या त्या रविवारी अकराला गाडी आली. स्वरदा मॅडम, शंतनू, सत्यम आणि मेघा. मेघा वर्गातली सगळ्यात भराभर लिहिणारी पोरगी. कूलर घरघरत होता. खुर्च्यांवर धुतलेले टॉवेल टाकले होते. पुरणाचा वास रस्त्यापर्यंत आलेला.

"या बाप्पा, या. सावलीला या," म्हातारी म्हणाली. "लेकी, तू बस कूलरम्होरं. गोरीपान हायेस, ऊन लागंन."

मॅडम हसल्या आणि खुर्ची जरा बाजूला घेऊन बसल्या.

सोनियाला नवा फ्रॉक घातला होता. वेण्या घट्ट. आईनं तिच्या खांद्यावर टिचकी मारली, समोर येऊन ओठ हलवून सांगितलं, "म्हण." पोरीनं हात मागं बांधले आणि छतावरच्या पत्र्याकडं बघत, स्वतःलाच ऐकू न येणाऱ्या आवाजात, एका दमात म्हणाली, "माजं नाव शोनिया कलुबा. मी तिशलीत हाये. मला गानं आवलतं."

"अय्या, किती छान बोलते!" मेघा म्हणाली आणि लिहिलं.

प्रेरणाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, जमलं. पोरीला तीन दिवस घोकून घोकून उरलेल्यातले हे शब्द जमवले होते. पाच महिन्यांपूर्वी हीच पोरगी बाजारात भाजीवाल्याशी भाव करत होती. ते मेघानं लिहिलं नाही. तिला कुणी सांगितलं नाही आणि तिच्या कागदात तसा रकाना नव्हता.

मग ताटं आली. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, भजी, दुधाची वाटी. शंतनू मांडी घालून बसला आणि सुटला.

"आज्जी, एक नंबर! अजून एक."

"घे की. चार घे. तुह्या वयाचे गडी आमच्याकडं आठ खातेत."

"मरेन आज्जी."

"पोळीनं कुणी मरत नसतंय. तूप घे."

सत्यमच्या ताटाच्या काठावर नाव कोरलेलं होतं. आपल्याकडं भांडं घेतलं की दुकानात नाव टाकून घेतात. त्याच्या ताटावर होतं 'कै. गयाबाई यांचे स्मरणार्थ'. त्यानं शेजारी मेघाच्या ताटाकडं पाहिलं, 'पुंजाराम'. शंतनूच्या ताटावर 'जय मल्हार मित्रमंडळ'. त्यानं मान वर केली. कूलरच्या मागं पिवळ्या ऑइलपेंटनं पुन्हा 'पुंजाराम'. खुर्च्यांच्या पाठीवर 'भजनी मंडळ'. अख्खं घर उसनं होतं आणि ते घरभर लिहिलेलं होतं. वाचायला तेवढी सवय पाहिजे. चौघांत ती फक्त त्याला होती.

त्यानं मान खाली घालून पोळीचा तुकडा मोडला. बोलला असता तर शंतनूनं विचारलं असतं, तुला कसं काय रे माहीत? मग सगळं आलं. आडनाव वाचणं आलं.

निघताना म्हातारीनं शंतनू आणि सत्यमच्या खांद्यावर टॉवेल टाकले, डोक्यावर टोप्या ठेवल्या. शंतनूनं लगेच फोटो काढला. मेघाची ओटी भरली. मॅडम मागं सरल्या.

"नको आजी. आमच्या नियमात नाही."

"कशाचा नियम? बाईमाणूस दारातून रिकाम्या ओटीनं जात नसतंय. आमाला काय अक्कल नाय व्हय?"

मॅडमनी घेतलं. गाडीत बसल्यावर नारळ-खण मागच्या सीटवर ठेवला आणि विचारलं, "काय पाहिलंत?"

"कूलर," शंतनू म्हणाला. ढेकर दाबत. "मोठावाला. आमच्या घरी पण एवढा नाहीये."

"सोळा स्टीलची ताटं," मेघा म्हणाली. "सहा खुर्च्या. जेवणाचा खर्च मी अंदाजे अडीच हजार धरलाय. आणि मुलगी पूर्ण वाक्यं बोलते."

"आणि हे?" मॅडमनी मागच्या सीटकडं बोट केलं. "मूल्यमापन करणाऱ्याला अर्जदारानं वस्तू देणं. याला काय म्हणतात?"

"प्रभाव टाकण्याचा प्रयत्न," मेघा म्हणाली.

शंतनूनं टोपी काढून मांडीवर ठेवली. पोटातल्या चार पोळ्या काढून ठेवायची काही सोय नव्हती.

सोमवारी वर्गात बैठक झाली. फळ्यावर चार रकाने: गरज, निकड, परिणाम, प्रामाणिकपणा. प्रत्येकी पंचवीस. 'हसरी पहाट' बेचाळीसशे मुलांपर्यंत पोचणार होती. शंतनूनं भागाकार करून दाखवला, डोक्याला एकाहत्तर रुपये. करमाडला एकाच डोक्याला पावणेतीन लाख.

"आकड्यानं सगळं ठरत नाही," मॅडम म्हणाल्या. त्या न्यायी होत्या, हे सांगितलं पाहिजे. "गरज खरीच तीव्र असेल तर एका मुलीलाही देता येतं. सत्यम, तू ग्रामीण भागातला. तू सांग. ते घर जसं दिसलं तसंच आहे का?"

सगळ्या माना वळल्या. शंतनू हसला नव्हता अजून, पण ओठ तयार होते.

दोन वाक्यं लागत होती. मॅडम, ते सामान मागून आणलेलं होतं. टॉवेल-टोपी आमच्यात मरणाच्या दारातला माणूसही देतो. बस. आठ वर्षांच्या पोरीचे कान त्या दोन वाक्यांवर टांगलेले होते.

सत्यम म्हणाला, "त्यांची दोन एकर जमीनपण आहे, मॅम. सातबाऱ्यावर नाव आहे."

मेघानं 'अरे बापरे' केलं.

"हे अर्जात नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅम. मी ऑनलाइन काढून बघितलं."

"सामायिक आहे की स्वतंत्र?"

"ते... एवढं नाही बघितलं."

बघितलं होतं. चार नावं होती आणि खाली कोर्टाची नोंद होती.

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या. वर्षभरात पहिल्यांदा. "याला म्हणतात स्वतःच्या माणसांकडंही स्वच्छ नजरेनं बघणं."

करमाडला एक्केचाळीस मार्क पडले. 'हसरी पहाट'ला अठ्ठ्याहत्तर. चेक देताना टाळ्या वाजल्या, सरोजिनीबाईंनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि सगळ्यांनी मिटले. जूनमध्ये सत्यम पहिला आला आणि पस्तीस हजारांच्या खुर्चीत बसला. नानासाहेबांनी पेढे वाटले.

नकाराचं पत्र पोचवायचंही त्याच्याकडंच आलं होतं. नाही का म्हटलं ते अर्जदाराला कळलंच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे, असं मॅडमचं तत्त्व. कारणांसकट पत्र. सत्यमनं ओट्यावर उभं राहून वाचून दाखवलं. या वेळी खुर्ची नव्हती. कूलरच्या जागी ज्वारीचं पोतं होतं.

"'घरातील वस्तू पाहता गरज मध्यम. मुलगी पूर्ण वाक्यं बोलत असल्यानं निकड कमी. जमिनीची माहिती लपवली. भेटवस्तू देऊन प्रभाव टाकण्याचा प्रयत्न.'"

कडुबा भिंतीला टेकून खाली बसला. प्रेरणा आत गेली. मनकर्णाबाई मात्र त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"वस्तू कोणत्या म्हणं?"

"कूलर, ताटं..."

"ताटं गयाबाईच्या लेकाची व्हती. नाव टाकेलं व्हतं की त्यावर."

सत्यमनं पत्रातली पुढची ओळ शोधली.

"त्या बाईचं सोड, ती इंग्रजी शिकेल हाये. तुला तं वाचता येतं. तू तं आपल्यातला. तू मह्या पंगतीला बसला, ताट तुह्याच म्होरं व्हतं."

"माझं लक्ष नव्हतं, आजी."

"लक्ष नव्हतं." म्हातारीनं ते दोन शब्द तोंडात घोळवले. शिवी दिली नाही. दिली असती तर सत्यमला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "परत अर्ज देता येतो?"

"पुढच्या वर्षी."

"मंग परत वाच. सावकाश."

त्यानं परत वाचलं. ती एकेक बोट मिटत गेली. कूलर. ताटं. जमीन. टॉवेल-टोपी. मग करंगळीवर थांबली.

"पोरगी बोलती म्हणून बी मार्क कापले?"

"कापले असं नाही. निकड कमी दिसली."

"म्हंजे बोलली नसती तं?"

इथं त्यानं गप्प बसायला पाहिजे होतं. जिथं बोलायचं तिथं गप्प बसला आणि जिथं गप्प बसायचं तिथं त्याला दया आली. काहीतरी उपयोगी सांगून जावं, मन हलकं करावं, अशी त्याला तल्लफ आली.

"तर जास्त मिळाले असते, आजी," तो म्हणाला.

ते वर्ष त्या घरात कसं गेलं याचा रकाना कुठल्याही कागदावर नाही. प्रेरणा दोन पुढाऱ्यांच्या ऑफिसात बसून आली. मोबाइलवर मदतीचं आवाहन टाकलं, अकरा हजार जमले, ते तपासण्यांत गेले. पोरीचे शब्द गळत गेले. गाणं गेलं, तिसरी गेली, स्वतःचं नाव नुसतं 'ओया' उरलं. जे उरलं ते प्रेरणा रोज आरशासमोर बसवून घोटून घ्यायची. आणि प्रेरणा कामाला गेली की म्हातारी उलटं घोटून घ्यायची.

म्हातारी काही राक्षसीण नव्हती. तिनं बोटांवर मोजलेलं होतं, ती तेच करत होती. दारात अनोळखी माणूस दिसला की तोंड बंद. पोस्टमन आला, तोंड बंद. मीटरवाला आला, तोंड बंद. पोरगी विसरून 'आज्जे' म्हणाली की पाठीत धपाटा. गप्प राहिली की जवळ घेऊन मुका. बहिऱ्या पोरीला कारण समजावून सांगता येत नाही, ते तिला धपाट्यानं आणि मुक्यानंच कळतं. दोन-चार महिन्यांत पोरगी तरबेज झाली. गाडीची धूळ दिसली की स्वतःच ओठ आत ओढून घ्यायची आणि आजीकडं बघायची.

"आत्याबाई, पाप लागंन," एकदा प्रेरणाला कळल्यावर ती म्हणाली.

"लागू दे. एकदा मशीन आलं की बोलंन मंग जन्मभर. मला शिव्या दिल्या तरी चालतील. ऐकू तं येतील तिच्या तिला."

दुसऱ्या मार्चात पुन्हा गाडी आली. स्वरदा मॅडम नव्हत्या, त्या दिल्लीला परिषदेत निबंध वाचायला गेल्या होत्या. निबंधाचं नाव काहीतरी लांबलचक होतं, त्यात करमाडचं उदाहरण होतं. या वेळी पाहणीचा प्रमुख सत्यम. बरोबर नव्या वर्गाचे दोघं. त्यातली मोनिका मुकुंदवाडीची, रेल्वेतल्या शिपायाची पोरगी, कर्ज काढून फी भरलेली. ती घरात आल्याबरोबर चपला काढून खालीच बसली.

खोलीत काही नव्हतं. सतरंजी नव्हती, खुर्ची नव्हती. पितळी तांब्यात पाणी दिलं, एवढंच. सोनिया भिंतीला पाठ लावून उभी होती, ओठ आत ओढून.

मोनिकानं भराभर लिहिलं. तिच्या कागदावर सत्यमला दिसत होतं. गरज चोवीस. निकड पंचवीस. जमिनीचा कोर्टाचा कागद कडुबानं स्वतःहून पुढं केला, प्रामाणिकपणा पंचवीस. सत्यमच्या छातीवरचं काहीतरी हलकं व्हायला लागलं. होतंय, त्याला वाटलं. फिटतंय.

मग मोनिकाचं पेन थांबलं.

"सर, परिणामाचं काय लिहू?"

या वर्षी मॅडमनी तो रकाना नव्यानं लिहिला होता. तज्ज्ञांना विचारून. फार दिवस ऐकणं बंद राहिलं आणि बोलणं पार गेलं असेल, तर मशीनचा फायदा शंकास्पद धरावा. निदान काही शब्द शाबूत असल्याचं पाहणी करणाऱ्यानं स्वतः ऐकलेलं असावं. नाहीतर शून्य, आणि शून्य असलेला अर्ज बाद. कागदावर सही सत्यमची होती. गठ्ठ्यातल्या बाकी कागदांबरोबर त्यानं ती केली होती.

"काकू, मुलगी काहीच बोलत नाही का आता?" मोनिकानं विचारलं. "एखादा शब्द? 'आई' म्हणाली तरी चालेल. मी ऐकलं की मला लिहिता येईल. बाकी सगळं छान झालंय तुमचं."

मनकर्णाबाईनं सत्यमकडं पाहिलं. सत्यमनं खाली पाहिलं.

"बोलती की," प्रेरणा एकदम उठली. "लई शब्द हायेत तिला. रोज म्हणती." तिनं सोनियाचे खांदे धरले, तोंडासमोर तोंड आणलं. "आई म्हण. सोनिया, आ-ई."

सोनियानं आईचे ओठ वाचले. मग आईच्या खांद्यावरून अनोळखी माणसांकडं पाहिलं. मग आजीकडं. आणि ओठ आणखी आत ओढले.

"म्हण ना गं, बाई. आ-ई."

पोरीनं मान हलवली. नाही.

म्हातारी रांगत पुढं आली. "बोल, सोने. बोल. आज बोलायचं. म्या सांगते ना, आज बोलायचं." तिनं हात जोडले. तिनं स्वतःच्या तोंडाकडं बोट नेलं, तोंड उघडून दाखवलं, मिटलं, उघडलं. पोरगी बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं, पण तोंड मिटलेलंच. आजी अशी आधी कधी फसवत नव्हती.

मोनिका रडवेली होऊन सत्यमला म्हणाली, "सर, आपण थोडं थांबू. घाबरलीये ती."

"थांबू," सत्यम म्हणाला. त्यानं घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं. एकला पुढच्या घरी पोचायचंय."

कडुबा दारात उभा होता, तो बाहेर जाऊन पाठमोरा बसला. प्रेरणानं पोरीला हलवलं, गदागदा हलवलं, मग छातीशी धरलं, मग पुन्हा हलवलं. पाच मिनिटं गेली. सात गेली. मोनिकाचं पेन रकान्यावर टेकलेलं होतं, तिथं शाईचा ठिपका पसरला.

शेवटी मनकर्णाबाईनं नातीचे दोन्ही गाल एका हातानं दाबले आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या ओठांत घातली. "उघड," ती ओरडत होती, "उघड मेले, तोंड उघड!" पोरीला ते ओरडणं ऐकू येत नव्हतं. तिनं दातावर दात दाबले. म्हातारीच्या बोटांना रक्त आलं, कुणाचं ते कळेना. सोनिया आजीच्या डोळ्यांत रोखून बघत होती. वर्षभर घोटून घेतलेलं तिनं आज जरासुद्धा चुकू दिलं नाही, आणि आता आजी आपल्याला कधी जवळ घेते याची ती वाट बघत होती.